पासंगाचा दगड

१

सकाळी गाईचं दूध काढून झालं की मी कोठ्यात पोती अंथरायचो आणि बोल्ट घासत बसायचो. रात्रभर रॉकेलमध्ये भिजलेला एकेक बोल्ट काढायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, फडक्यानं पुसायचा आणि ज्या जागेवरून निघाला त्या जागेच्या ओळीत ठेवायचा. सगळी मोटार अशी पोत्यांवर पसरलेली होती. पुढचं पुढं, मागचं मागं, डावं डावीकडं, उजवं उजवीकडं. मला लिहिता-वाचता बेताचंच येतं, त्यामुळं चिठ्ठ्या लावायच्या भानगडीत पडलो नाही. जागा हीच खूण.

माझी बायको जमनी दारातल्या बाजेवर बसून पाहायची. वातानं तिचे पाय आखडले होते. बाजेवरून चुलीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागे. तोंड मात्र दिवसभर चालायचं, आणि ते मला बरं वाटायचं, कारण मी फारसा बोलत नाही.

"अवो, इतके बोल्ट होते का हिच्यात? माह्या बापाच्या अख्ख्या तांड्यात इतके बैल नव्हते."

"होते."

"आन् जोडून झाल्यावर एखादा उरला तं?"

"तुह्या गळ्यात बांधतो."

ती हसली की दंडापर्यंतच्या बांगड्या वाजायच्या. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजाऱ्यांची भाषा, बोलायचो. इथं बोरीच्या बोलीत सांगतो, म्हणजे सगळ्यांना कळेल.

ही गोष्ट एकोणसाठ सालची. आमचा तांडा बोरी अरबपासून पायी जाण्याइतका जवळ. मोटार लढाईच्या आधीची, शेवरलेट. पहिल्यांदा ती एका कापसाच्या जिनवाल्याची टपाची गाडी होती. मग बोरीच्या एका सेठनं ती घेतली, मागचा अर्धा भाग कापून काढला आणि तिथं लाकडी खोका बसवला, आत समोरासमोर बाकं. अशी ती दारव्ह्याच्या रस्त्यावरची सर्व्हिस मोटार झाली आणि मी तिचा डायवर. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मागं कोळशाचा ड्रम लावून तिला ग्यासवर चालवली. पुढं सरकारी गाड्या आल्या आणि ही सेठच्या चिंचेखाली उभी राहिली. लाकडी खोका उधईनं खाल्ला. सेठ म्हणाले, "ने तुले पायजे तं. चिंचेखाली माह्ये बैल तरी बसतील."

मला पाहिजे होती. जमनीची आई रामीबाई उमरखेडच्या पुढच्या तांड्यात होती. दिवाळीत जमनीचा भाऊ भावसिंग आला, म्हणाला, याडीनं अंथरूण धरलं आहे, रोज जमनीचं नाव घेते. आमच्यात आईला याडी म्हणतात. जमनी त्या रात्री जेवली नाही. पण जाणार कशी? एसटीच्या पायरीवर तिचा पाय चढत नव्हता. बैलगाडीत बसवलं की गावाची वेस ओलांडायच्या आत ती ओठ चावू लागायची. तिला पाय लांब करून पाठ टेकायला पाहिजे होती. त्या शेवरलेटच्या जुन्या मागच्या गादीसारखी गादी मी दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिली नव्हती.

फक्त ती गादी, आणि तिच्याभोवतीची अर्धी मोटार, कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं.

२

ते नजीर मिस्त्रीनं शोधलं. नजीरचं बोरीत दुकान होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की तो सायकलवर टांग टाकून आमच्याकडे यायचा. सर्व्हिस मोटारीच्या दिवसांपासूनची आमची दोस्ती.

"गौहरचाचीच्या आंगनात पडून हाय ते," तो म्हणाला. "चाचानंच कापलती ना गाडी. फेकवलं नाई त्यायच्यानं. म्हणे इतकं बढिया काम कोणाच्या तरी कामी येईन."

गौहरबींचा नवरा बोरीतला जुना सुतार, वारून बरीच वर्षं झाली होती. अंगणात लिंबाखाली मोटारीचा मागचा भाग जमिनीत थोडा रुतून बसला होता. दोन दारं, मागचा गोल पत्रा, टपाच्या लोखंडी काड्या आणि ती गादी. कातडं तडकलं होतं, पण आतला काथ्या जागेवर. वर पत्र्याचं छप्पर असल्यामुळं सगळं कोरडं होतं.

मला एका गोष्टीचं नवल वाटलं. अंगणभर कोंबड्या, आणि गादीवर एक शिंतोडा नाही.

"नाई बसत त्या इथं," गौहरबी म्हणाल्या. "पाण्यापावसात लिंबावर भिजत बसतीन, पन इथं नाई."

"गादी टोचत असन त्यायले, चाची," नजीर म्हणाला.

"तू कायले हसून राह्यला? मी बी नाई बसत."

"काहून?" मी विचारलं.

त्यांनी गादीकडं पाहिलं. "वंगाळ काई नाई बापा. बसाले गेली का असं वाटते, कोनी तरी सरकून जागा करून देऊन राह्यलं." मग स्वतःच हसल्या आणि पदर सावरला. "म्हातारपन, दुसरं काय? ने. तुह्या बाईले आराम पडू दे."

आम्ही ते बैलगाडीवर चढवलं. गाडीवान वाटेत दोनदा उतरला आणि दोर तपासले. म्हणाला, ओझं एका बाजूला सरकतं आहे. दोर होते तसेच होते.

३

दोन अर्धी जोडायला हिवाळा गेला. नजीरनं चासीला लोखंडी पट्ट्या जोडल्या, ड्रमसाठी पाडलेली भोकं बुजवली. मी रिव्हेट धरायचो, तो ठोकायचा. ठोकताना तो गाणं म्हणायचा आणि चुकला की शिवी द्यायचा, आणि मग जमनीकडं पाहून म्हणायचा, "माफ करजा, भाभी, लोखंडाले देल्ली."

"लोखंडाले याच्याहून मोठी लागते," जमनी सांगायची.

इतकं सुख मला त्या घरात आधी कधी वाटलं नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. दोघंच. कोठ्यात हातोड्याचा आवाज, चुलीवर चहा, आणि रोज थोडी थोडी मोटार होत चाललेली.

पुढची डावी सीट आम्ही काढून टाकली, म्हणजे जमनीला मागं बसून पाय पुढं लांब करता येतील. टपाला नवा कॅनव्हास शिवला. मग एका दुपारी जॅक काढून मोटार चाकांवर सोडली.

ती उजवीकडं बसली. मागून पाहिलं तर उजव्या चाकावरचं छत चार बोटं खाली.

"डायवरची बाजू हाय," नजीर म्हणाला. "इतकी वर्षं तू त्याच बाजूनं बसला. पाटे थकतात."

हे मला पटलं. आम्ही मागचे दोन्ही पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, काढले. नजीरनं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सारखे होते. तरी त्यानं डावा उजवीकडं घातला आणि उजवा डावीकडं. मोटार सोडली. ती उजवीकडंच बसली.

मग जमीन तिरपी असेल म्हणून आम्ही मोटार ढकलून बाहेर नेली, फिरवली, तोंड उलटं करून आत आणली. उजवीकडंच.

मी खाली वाकून उजव्या पाट्याला हात लावला. माझे वडील खेमसिंग बैलांवर मीठ आणि धान्य वाहायचे. रेल्वे आल्यावरही त्यांनी काही वर्षं ते सोडलं नाही, आणि मी त्यांच्या मागं चाललो आहे. ओझ्याची समज मला हातातूनच मिळाली. खचलेला पाटा हाताला मुका लागतो. ओझ्याखालचा पाटा ताणलेला असतो, त्यात बारीक थरथर असते, बैलाच्या पाठीत असते तशी.

हा ताणलेला होता.

"काय झालं?" नजीरनं विचारलं.

"काई नाई," मी म्हणालो. "पाटा चांगला हाय."

४

एका शुक्रवारी दुपारी नजीर नमाजाला गावात गेला होता. मी स्वयंपाकघरात जमनीजवळ बसून भाकरी खात होतो. स्वयंपाकघर आणि कोठा यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत आहे. पलीकडची गाय रवंथ करते तेही ऐकू येतं. मोटारीसाठी गाय आम्ही ओसरीत बांधली होती, म्हणजे पलीकडं फक्त मोटार होती.

आधी पाट्यांचा आवाज आला. कर्र, आणि मग थांबला. डायवरनं हा आवाज आयुष्यभर ऐकलेला असतो. पाऊल ठेवताना तो असा येत नाही. माणूस आत येऊन, टेकून, अंग सैल सोडतो तेव्हा येतो.

मी जमनीकडं पाहिलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

"नजीरभाई आला वाटते," ती म्हणाली.

मी उठून गेलो. कोठ्यात कोणी नव्हतं. नजीरची सायकल नव्हती. उन्हाची एक पट्टी दारातून आत आली होती आणि मोटारीच्या पुढच्या चाकापाशी थांबली होती. गादीपर्यंत ऊन पोचतच नव्हतं.

लोखंड उन्हानं वाढतं, सावलीत आवळतं, आणि आवळताना वाजतं. हे मला माहीत होतं. मी स्वतःला तेच सांगितलं. मग हात लांब करून गादीला लावला. डावीकडं ती गार होती, माघातल्या कोठ्यात सगळ्या वस्तू असतात तशी. उजवीकडं गरम होती. म्हणजे माणूस उठून गेल्यावर बाज असते तितकी.

मी हात काढला नाही. का ते सांगता येत नाही. भीती वाटत होती, पण ती ऊब परकी वाटेना. हळूहळू ती कमी व्हायला हवी होती. झाली नाही.

"कोन हाय जी?" जमनीनं आतून विचारलं.

"कोनी नाई."

"मंग भाकर गार होऊन राह्यली."

५

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते विचार करून केलं असतं तर केलं नसतं.

बैलाच्या पाठीवर गोणीचे दोन पदर दोन बाजूंना लोंबतात. एक बाजू जड झाली तर बैलाची पाठ सोलून निघते. म्हणून हलक्या बाजूला दगड बांधायचा. त्याला आम्ही पासंग म्हणायचो. एका बाजूला झुकलेलं ओझं पाहिलं की माझा हात आपोआप दगड शोधतो. बाजारात कोणाची कावड तिरपी दिसली तरी मला चैन पडत नाही.

सकाळी मोटार पुसताना ती तिरपी दिसली, आणि मी अंगणातला पाटीएवढा काळा दगड उचलून आणला आणि गादीवर डाव्या बाजूला ठेवला. तेवढ्यानं पुरं होईना म्हणून दुसरा आणला. मोटार हळूच सरळ झाली. मी हात झटकले. बरं वाटलं.

आणि मग वडील आठवले.

तांड्यात एक रीत होती. पासंगाचा दगड ज्यानं ठेवला, ते ओझं त्याचं. मग ते ठिकाणाला पोचेपर्यंत त्यानंच न्यायचं. आत काय आहे, कोणाचं आहे, हे त्यानं विचारायचं नाही. विचारायचं असेल तर दगड ठेवायच्या आधी. वडिलांनी एकदा दुसऱ्याच्या आजारी बैलाची गोणी अशीच घेतली होती आणि घाटात पाऊस लागला तरी टाकली नव्हती.

मी दगडांकडं पाहत उभा होतो तेव्हा जमनी भिंत धरत धरत कोठ्याच्या दारात आली.

"हे दगड काहून?"

मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तीही तांड्यातच वाढली होती. तिनं एकदा दगडांकडं पाहिलं, एकदा उजव्या बाजूच्या रिकाम्या गादीकडं. बराच वेळ पाहिलं.

"काढा ते दगड," ती म्हणाली. "मी हाओ ना."

मी दगड काढले. मोटार उजवीकडं झुकली. मग मी जमनीला उचललं आणि डाव्या बाजूला बसवलं. आजारपणानं ती पाखराएवढी झाली होती. उचलताना माझ्या पाठीला कळलंही नाही. त्या दोन दगडांपेक्षा ती हलकी होती.

मोटार सरळ झाली. पाण्यानं भरलेला लोटा ठेवला असता तर हिंदकळला नसता, इतकी सरळ.

जमनीनं पाय लांब केले, मान मागं टेकली, आणि दोन पावसाळ्यांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली.

६

त्यानंतर ती रोज दुपारी तिथंच बसू लागली. मांडीवर गोधडी घेऊन टाके घालायची. आरसे आणि कवड्या लावलेली आमच्यातली गोधडी, गादीवर टाकायला. मी इंजिनाखाली पडलेला असायचो आणि वरून तिचं बोलणं ऐकायचो. माहेरचं, लहानपणचं. होळीत तिनं कोणाला काठीनं कसं बदडलं ते. मी अधूनमधून हुंकार द्यायचो.

एकदा हुंकार दिल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "तुमाले नाई बोल्ली."

मी मोटारीखालून बाहेर आलो नाही. तिथंच पडून राहिलो. ग्रीसचा एक थेंब गालावर पडला तो पुसला.

"मंग कोनाले?"

"काय माहीत?" टाका ओढल्याचा आवाज आला. "काई बोलत नाई. आयकते. तुमच्यासारखं."

मी ते नजीरला सांगितलं. दोघं बोरीत सेठच्या चिंचेखाली बिड्या ओढत होतो. नजीर हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"मी एक सांगू? मीच जोडली ना ही गाडी? मंग मले हक हाय. भाभीले याच्यात नोको नेऊ. मी पुसदवरून दुसरी गाडी पाहतो, किरायानं."

"तुले काय वाटते?"

"मले काई वाटत नाई. मी मिस्त्री हाओ. पाटे बदलले, जमीन बदलली, तोंड फिरवलं. आता बदलाले काई उरलं नाई, म्हनून सांगून राह्यलो."

त्याच आठवड्यात उमरखेडहून येणाऱ्या एका माणसाबरोबर भावसिंगचा निरोप आला. याडीनं खाणं सोडलं आहे. येत असाल तर होळीच्या आत या.

नजीरनं पुसदची गाडी पाहिली. ती एक जुनी जीप होती, मागं लाकडी फळ्या. जमनीला मी सगळं सांगितलं. गौहरबी काय म्हणाल्या, गादी गरम लागते, नजीर काय म्हणतो. आयुष्यात एका वेळी मी इतकं बोललो नव्हतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तुमाले भेव वाटते का?"

"वाटते."

"मले याडीले पाहाचं हाय," ती म्हणाली. "आन् इथं बसली का माहे पाय दुखत नाई. आता सांगा, कायचं भेव?"

मी नजीरला सांगून आलो, जीप नको.

७

आम्ही उजाडता निघालो. नजीर निरोप द्यायला आला होता. त्यानं चारही चाकं लाथेनं तपासली, पाण्याचा डबा भरला, आणि हँडल मारून इंजिन स्वतःच चालू केलं. मग मागं जाऊन वाकून पाहिलं. मोटार सरळ होती. "खुदा हाफिज, भाभी," तो म्हणाला. जमनीला म्हणाला, पण दोन्ही बाजूंना पाहून म्हणाला.

काचेच्या वरचा छोटा आरसा मी जमनीकडं वळवून ठेवला होता, म्हणजे तिला काही झालं तर दिसेल. आरशात तिचा चेहरा, ओढणीचे आरसे, आणि गुडघ्यांवरची गोधडी. उजवी बाजू आरशात येत नव्हती. ती माझ्या पाठीमागं होती.

दारव्हा गेलं. दिग्रस गेलं. रस्त्याकडेला पळस फुलला होता. जमनी बोलत होती. "पाहा ना, कसा लाल झाला." मी मान हलवायचो, आणि ती म्हणायची, "तुमी समोर पाहा." मोटारीचा आवाज एकसारखा होता. खड्डा आला की पाटे एकदमच वाजायचे, दोन्ही बाजूंचे, एका सुरात. सगळ्या जन्मात मी इतकी नीट भरलेली गाडी चालवली नव्हती. खरं सांगतो, मला आनंद होत होता. पाठीमागं, मानेपासून हातभर अंतरावर, कोणीतरी माझ्याबरोबर तोच रस्ता पाहत होतं, आणि तरी मला आनंद होत होता.

दिग्रस सोडून डोंगरातल्या वळणांना लागलो तेव्हा जमनीचं बोलणं थांबलं. मी आरशात पाहिलं. तिला झोप लागली होती. दोन्ही हात मांडीवरच्या गाठोड्यावर होते, बांगड्यांनी भरलेले.

तिच्या गुडघ्यावर एक हात होता.

पुरुषाचा हात. काळा, म्हातारा, शिरा वर आलेला. मनगट एका बाजूला वाकलेलं, मोडून वाकडंच जुळलेल्या फांदीसारखं. तो हात गुडघा चेपत नव्हता, धरत नव्हता. नुसता ठेवलेला होता. उतारावर मोटार हलली तेव्हा त्यानं गुडघा हळूच थोपटला, थकलेल्या जनावराला थोपटतात तसा.

माझा पाय ब्रेकवर गेला. आरशात मला माझे स्वतःचे डोळेही दिसत होते, कडेला, पांढरे झालेले. मागं वळून पाहायला मान वळवावी एवढंच बाकी होतं.

जमनीच्या चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघ नव्हती. ब्रेक मारला असता तर ती जागी झाली असती.

मी मान वळवली नाही. दगड मी ठेवला होता, विचारायची वेळ तेव्हाच गेली होती. मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि समोर पाहिलं. पुसदपर्यंत परत आरशात पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा गुडघ्यावर फक्त गोधडी होती.

८

उमरखेडच्या पुढच्या त्या तांड्यात भावसिंगनं बहिणीला गाठोड्यासारखं उचलून आत नेलं. आमच्या बायका भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. रामीबाईंना बसवत नव्हतं, म्हणून जमनी त्यांच्या शेजारी आडवी झाली, आणि दोघी आडव्या पडूनच रडल्या. मग दोघी हसल्या. मग रामीबाईंनी पेज मागितली. त्या पुढं पावसाळ्यापर्यंत जगल्या.

मी बाहेर मोटारीपाशी उभा होतो. जमनी उतरल्यावर डावी बाजू वर आली होती. उजवी तशीच होती. कोणी उतरलं नव्हतं. म्हणजे ठिकाण हे नव्हतं.

परत आलो तेही तसंच. आणि मग आमची तशीच सवय झाली. जमनी दुपारी मोटारीत बसून शेंगा सोलायची, बोलायची. मी कोठ्यात गाईचं करायचो. नजीरनं एकदा विचारलं, "अजून हाय का?" मी म्हणालो, "हाय." तो म्हणाला, "मंग त्याले चहा इचार," आणि आम्ही दोघं खूप हसलो.

जमनी पासष्टच्या थंडीत गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही. माणसं पांगल्यावर मी कोठ्यात गेलो. एकट्या उजव्या बाजूला झुकलेली मोटार पाहावी लागेल म्हणून आधी जायचं टाळलं होतं.

मोटार सरळ उभी होती. आत कोणी नव्हतं, दगड नव्हता, गादीवर फक्त गोधडी होती. मी दारातच खाली बसलो. त्या रात्री मला नीट झोप लागली.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या वर्षी इंजिन चालू करताना हँडलनं उलटा झटका दिला आणि माझं मनगट मोडलं. राळेगावकडच्या एका हाड बसवणाऱ्यानं ते बांधलं, पण म्हातारं हाड, वाकडंच जुळलं. पट्टी सोडली तेव्हा मी हात उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिला. नजीर म्हणाला, "दुखते का?" मी नाही म्हणालो. दुसरं काही त्याला सांगितलं नाही.

त्या मोटारीच्या मागच्या उजव्या बाजूला मी कधीच बसलो नव्हतो. जागा कोणाची तरी होती. पण परवा दुपारी नजीर आला होता, पाटे पाहायला चाकापाशी उकिडवा बसला होता, आणि मला वाटलं, आता बसावं. मी दार उघडलं आणि आत टेकलो. गादी गरम होती.

"बस ना," नजीर खालून म्हणाला. "मी पाट्याकडं पाहून राह्यलो."

"बसलो."

"कुठं बसला? अंग सोड ना."

"सोडलं."

त्यानं पाट्यावर हात ठेवला. पाटा वाजला नव्हता. मोटार एक बोटही खाली गेली नव्हती. नजीर उठला, माझ्याकडं पाहिलं, फडक्यानं हात पुसले, आणि चहा सांगतो म्हणून बाहेर गेला. चहा सांगायला घरात कोणी नाही, हे त्याला माहीत होतं.

मी डावीकडं थोडा वाकलो आणि जमनीच्या गोधडीवर हात ठेवला. तिचे गुडघे असायचे तिथं. गोधडी हळूहळू वरखाली होत होती, झोपलेल्या माणसाची होते तशी. मी ती थोपटली.

मग पुढं काचेच्या वरच्या आरशात पाहिलं. आरशात दोन डोळे होते. माझ्यापेक्षा तरणे, आणि भीतीनं पांढरे झालेले. ते माझ्या हाताकडं पाहत होते.

आरशातल्या त्या डायवरला सांगावंसं वाटलं, भिऊ नको, समोर पाहा. पण मला बोलायची सवय नाही. मी हात उचलला नाही. पाहिजे तेवढा पाहू दिला. थोड्या वेळानं आरशातले डोळे खाली झाले आणि रस्त्याकडं वळले, आणि माझ्या पाठीखाली पाटे वाजले, दोन्ही बाजूंचे, एका सुरात.